नात दातांची डॉक्टर होईपर्यंत

३ जून

प्रिय खारूताई,

परवा फोनवर तू तीनदा "काय?" म्हणालीस आणि फोन आईकडे दिलास. तीही दोनदा "काय?" म्हणाली, तेव्हा मी फोन ठेवून दिला. रागावून नाही. मी काय बोलतोय ते माझं मलाच कळत नव्हतं. म्हणून आता हे पत्र. लिहायला दात लागत नाहीत.

झालं असं की सकाळी कवळी घासत होतो, ती हातातून सटकली, बेसिनवर आपटली आणि वरच्या कवळीचे सरळ दोन तुकडे झाले. खालची शाबूत आहे, पण ती एकटी काय करणार? टाळी एका हाताने वाजत नाही तसंच हे. आता मी सगळा जन्म वाद्यं दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. दोन तुकडे जोडणं म्हणजे काय मोठंसं. क्लॅरिनेटच्या जोडावर बूच चिकटवायचा गोंद काढला, तुकडे जुळवले, वरून दोरा गुंडाळला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला नाही. जोड असा बसला होता की मी स्वतःवर खूश झालो. मग पावाचा पहिला घास घेतला. पाव तोंडात राहिला आणि कवळी बशीत पडली. गोंदाची चव अजून जिभेवर आहे.

आळीतला जो तो म्हणतो, दातांच्या डॉक्टरकडे जा. मी सगळ्यांना एकच उत्तर देतो. म्हणतो, माझी नात दातांची डॉक्टर होतेय. परीक्षा झाली, प्रवेशाची यादी लागायची तेवढी राहिलीय. या तोंडाला आता हात लागेल तो तिचाच. ऐकून लोक कौतुकाने बघतात. एकदोघांच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

तर यादी कधी लागतेय ते ताबडतोब कळव. इकडे माझं सगळं ठीक आहे. बँडमध्ये क्लॅरिनेट तूर्त बंद, कारण माउथपीस वरच्या दातांवर टेकवावा लागतो आणि वरचे दात बशीत आहेत. पण बँड दर रविवारी बागेत वाजवतो, तिथे जातोच.

तुझा
आजोबा

ता. क. आईला सांग की फोन केला तरी चालेल. मी "हं" म्हणेन. त्याला दात लागत नाहीत.


९ जून

प्रिय आजोबा,

नमस्कार, दोन्ही हात धुऊन. हाताला प्लास्टर लागलं होतं, त्याचं पुढे सांगते.

तुमचं पत्र आई आणि मी दारातच उभ्याने वाचलं. गोंदापर्यंत आलो आणि आई जी हसायला लागली ती पायरीवरच बसली. मग अचानक डोळे पुसून मला म्हणाली, "तिकडे माझे बाबा गोंद खातायत आणि तुला हसू येतंय." आजोबा, वाद्याचा गोंद तोंडात घालू नये हे सांगायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

यादी पुढच्या आठवड्यात आहे म्हणतात. घरात बसून वाट बघितली तर मला वेड लागेल. बाबा ऑफिसातून आले की सहज विचारल्यासारखं विचारतात, "काय, काही विशेष?" आई विचारत नाही. ती नुसती माझ्या खोलीचं दार पुसत बसते. ते दार इतकं लख्ख झालंय की त्यात माझं तोंड दिसतं, आणि ते तोंड काळजीत असतं. म्हणून मी कामाला लागले. दातांच्या लॅबमध्ये. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात. इथे त्यात प्लास्टर ओतून साचा करतात, साच्यावर मेणात दात बसवतात, आणि शेवटी मेणाच्या जागी ते गुलाबी प्लास्टिक येतं. मी प्लास्टर कालवते आणि तयार कवळ्या घासून चकचकीत करते. लॅब ज्या बाईंची आहे त्या फार कमी बोलतात. पहिल्या दिवशी मला एवढंच म्हणाल्या, "कवळी खाली पडली तर तू पण पडलीस असं समज." तुमची गोष्ट त्यांना सांगितलेली नाही.

आणि तुम्ही केलेला तो पण. आजोबा, मला प्रवेश मिळाला तरी शिकायला पाच वर्षं लागतात. पाच वर्षं तुम्ही काय मऊ भात खाऊन काढणार? तुमच्याकडे चांगले डॉक्टर असतील. जा ना प्लीज.

तुमची
खारू


१४ जून

प्रिय खारूताई,

पाच वर्षं म्हणजे काय, बघता बघता जातील. एक क्लॅरिनेट नीट वाजवायला शिकायलाच मला आठ लागली.

खाण्याची चिंता करू नकोस. मऊ भात, दूध, केळं, उकडलेला बटाटा, परत केळं. शेजारणीने काल भाजलेले शेंगदाणे आणून दिले आणि मग माझ्याकडे बघून जीभ चावली. तिला निदान जीभ चावायला दात आहेत. शेंगदाणे मी डब्यात भरून ठेवलेत. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात ते हेच.

बँडमध्ये मला नवं काम मिळालंय. ट्रँगल. लोखंडाची तीन कोनांची काडी, तिच्यावर दुसरी काडी मारायची. पूर्ण धुनेत चार वेळा वाजते. मधल्या वेळात मी लोकांकडे बघतो. क्लॅरिनेटची जागा आमच्या पोस्टमास्तराने सॅक्सोफोन घेऊन भरून काढलीय. निवृत्त झाल्यापासून तो वाजवतोय आणि अजून प्रत्येक सूर जणू चुकीच्या पत्त्यावर टाकतोय. पण मी काही बोलत नाही. बोललो तरी कोणाला कळणार.

आणखी एक. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याची दाढ दुखतेय. गाल सुजलाय. मी त्याला तुझ्याबद्दल सांगितलं, तर म्हणाला, "काका, मग मीही थांबतो. घरचं माणूस असताना बाहेर कशाला जायचं." पाटी रंगवणाऱ्याने तुझ्या नावाची पाटी फुकट करून द्यायचं कबूल केलंय. तो विचारतोय, अक्षरं निळी की काळी? मी निळी सांगितली.

यादीचं काय झालं?

आजोबा


२५ जून

प्रिय आजोबा,

यादी लांबलीय. काहीतरी तांत्रिक अडचण आहे म्हणे. लागली की कळवतेच.

लॅबमध्ये मजा चाललीय. दात पट्टीवर लावलेले येतात हे तुम्हाला माहीत होतं का? एका पट्टीवर पुढचे सहा, दुसरीवर मागचे. रंगाला नंबर असतात. सगळ्यांना सगळ्यात पांढरे दात हवे असतात आणि बाई ते कधीच देत नाहीत. म्हणतात, "साठीच्या माणसाला विशीतले दात लावले तर तो माणूस दातांच्या मागे उभा राहिल्यासारखा दिसतो." काल एका आजींची कवळी मी घासत होते, त्या आजी स्वतः बघायला आल्या. काचेतून बघत उभ्या राहिल्या. मी कवळी उचलली की त्या मान डोलवायच्या. मशीनवर धरली की डोळे मिटायच्या. बाईंनी मला दाढा बसवायला शिकवलंय. खालची दाढ वरच्या दाढेत अशी बसली पाहिजे की दोघींना एकमेकींची सवय असल्यासारखं वाटावं. माझ्या पहिल्या चार प्रयत्नांत त्या भांडल्यासारख्या बसल्या. पाचव्यांदा जमलं. प्लास्टर कालवताना बुडबुडे राहू द्यायचे नाहीत, नाहीतर हिरडीवर फोड उठल्यासारखा साचा येतो. तेही जमायला लागलंय. बाबा म्हणतात, हिच्या शर्टावर आता कायमच पांढरे डाग असतात. आई बरी आहे. दार आता तिने सोडलंय, खिडक्या घेतल्यात.

आजोबा, सलूनवाले काका ताबडतोब डॉक्टरकडे गेले पाहिजेत. सूज आलीय म्हणजे हा थांबायचा विषय नाही. आणि पाटी रंगवू नका. अजून काहीच ठरलेलं नाही. समजा, नुसतं समजा, की एखादीला नाहीच मिळाला प्रवेश, तर ती काही वाईट मुलगी होत नाही ना?

खारू


३० जून

प्रिय खारूताई,

तू लहानपणी बरणीतला खाऊ चोरून खाऊन आलीस की खूप बोलायचीस. बागेत काय बघितलं, रस्त्यात कुत्रं कसं भेटलं, सगळं सांगायचीस. तुझं मागचं पत्र चार पानी आहे.

यादी लागून गेलीय ना? तुझ्या आईने फोनवर सांगितलं. तिला वाटलं, मला माहीत आहे. मी "हं" म्हणालो. मग ती बराच वेळ बोलली आणि मी बराच वेळ "हं" म्हणत राहिलो. फोन ठेवला आणि तुझ्या आजीच्या खुर्चीत जाऊन बसलो. मला वाईट वाटलं. यादीचं वाटलं, पण तुला माझ्यापासून लपवावंसं वाटलं त्याचं जास्त वाटलं.

आता ऐक. अजिबात वाईट मुलगी होत नाही. हे तुझा आजोबा लिहून देतोय. आणि आई म्हणाली तसं वेटिंगवर नाव आहे म्हणजे दार बंद झालेलं नाही, ते नुसतं लोटलेलं आहे. यंदा नाही तर पुढच्या वर्षी परीक्षा दे. पुढच्या वर्षी नाही तर त्याच्या पुढच्या. माझी काळजीच करू नकोस. मी आहे तसा थांबतो. बोळक्या तोंडाने दहा वर्षं थांबेन, पण दुसऱ्या कोणाला तोंडाला हात लावू देणार नाही. पाटी रंगवून तयार आहे, पलंगाखाली ठेवलीय. ती काही खात नाही, पीत नाही.

सलूनवालाही थांबायला तयार आहे.

तुझा
आजोबा


६ जुलै

आजोबा,

आज लिहिताना मी चिडलेली आहे, हे आधीच सांगते.

हो, खोटं बोलले. यादी लागली, त्यात मी नव्हते, आणि मला तुम्हाला सांगता येईना. का येईना ते सांगते. परीक्षेत नापास झालेल्या मुलीला फक्त स्वतःचं वाईट वाटतं. माझं नाव नाही म्हटल्यावर मला पहिल्यांदा काय आठवलं, तर तुमचा शेंगदाण्याचा डबा. नंतर सलूनवाल्यांचा गाल. नंतर ती निळी पाटी. मी यादीत नव्हते म्हणून एक अख्खी आळी उपाशी राहणार असं मला वाटत होतं. तुम्ही दहा वर्षं थांबेन म्हणालात, ते धीर द्यायला म्हणालात हे मला कळतं. पण आजोबा, तुमचं थांबणं माझ्या मानेवर बसलंय. रोज सकाळी वेबसाइट उघडते तेव्हा तेही माझ्याबरोबर बघत असतं.

दिवसभर मी अनोळखी लोकांच्या कवळ्या चकचकीत करते आणि माझा स्वतःचा आजोबा बोळका. आईने मला काय सांगितलं माहितीय? तुमच्या शेजारणीचा फोन आला होता. पट्टा लावूनही तुमची पँट कमरेवर राहत नाही, आणि तुम्ही दोन रविवार बागेत गेलेलाच नाही. ट्रँगलसुद्धा सोडलंत. मला तर लिहिलंत की सगळं ठीक आहे. मग खाऊ खाऊन आल्यावर जास्त बोलणारी मी एकटीच नाही आपल्या घरात.

तुम्ही मला खरं सांगा. माझ्यासाठीच थांबला आहात ना? नक्की?

खारू


११ जुलै

प्रिय खारूताई,

नाही.

मला भीती वाटते. लिहिलं बघ. तोंडाने बोललो असतो तर कोणाला कळलं नसतं, म्हणून कागदावरच बरं.

मला डॉक्टरच्या त्या खुर्चीची भीती वाटते. ती मागे जाते आणि माणूस छताकडे बघत पडतो. वर दिवा. तोंड उघडं, म्हणजे बोलायची सोय नाही. मी तरुण असताना एकाने माझी दाढ काढली होती. ती दोन तास निघत नव्हती, आणि मी आणि तो दोघंही रडकुंडीला आलो होतो. नंतर दातच गेले आणि कवळी करायची वेळ आली, तेव्हा मी तीन वेळा दवाखान्याच्या दारातून परत फिरलो. चौथ्या वेळी तुझी आजी बरोबर आली. ती बाहेरच्या बाकावर बसली नाही. सरळ आत येऊन खुर्चीशेजारी उभी राहिली आणि डॉक्टरला म्हणाली, "तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करते." तिचं काम म्हणजे माझा हात धरणं.

आता तो हात नाही. कवळी फुटली त्या दिवशी मला सगळ्यात आधी तेच आठवलं. मग लोक विचारायला लागले, डॉक्टरकडे का जात नाही? एवढा वयस्क माणूस, भीती वाटते असं कसं सांगणार? नात डॉक्टर होतेय असं म्हटलं की सगळे कौतुकाने बघायचे. भीती झाकायला मला चांगलंच पांघरूण मिळालं. ते तुझ्या डोक्यावर ओढलं जातंय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

बागेत जात नाही हेही खरं आहे. पोस्टमास्तर सॅक्सोफोन वाजवतो आणि मी काडीवर काडी मारतो, हे मला बघवत नाही. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात. मला तेही जमत नाही.

चिडलीस ते बरं केलंस.

आजोबा


१५ जुलै

प्रिय आजोबा,

पत्र वाचून मी खूप रडले आणि मग बाईंकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, गोंदासकट. गोंदाला त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कोणता गोंद?" मी सांगितल्यावर म्हणाल्या, "जोड चांगला बसला असेल." तुमचा मान राखला त्यांनी.

आता नीट ऐका. तुमच्या बाजारपेठेच्या मागच्या रस्त्यावर एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या आमच्याच लॅबकडे काम पाठवतात. बाई त्यांच्याशी बोलल्या. त्या खुर्ची मागे करणार नाहीत, कवळीचं माप बसूनही घेता येतं. दाढ काढायची नाही, सुई नाही, तुमच्या तोंडात काढण्यासारखं उरलंच काय आहे? फक्त मापाचं साधन तोंडात धरायचं आणि नाकाने श्वास घ्यायचा. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला श्वास कोण शिकवणार.

ते माप इथे येईल. त्यात प्लास्टर मी ओतीन. दात मी आणि बाई मिळून बसवू. कवळी मी घासून चकचकीत करीन. म्हणजे तुमच्या तोंडात जे जाईल त्याला हात माझाच लागलेला असेल. तुमचा पण मोडत नाही.

आजीच्या जागी मी येऊ शकले असते, पण दुसरी यादी याच आठवड्यात आहे आणि मला इथून हलता येत नाही. म्हणून सलूनवाल्या काकांना घेऊन जा. त्यांची दाढ त्यांना दाखवायचीच आहे. तुम्ही त्यांचा हात धरा, ते तुमचा धरतील.

तुमची
खारू


२८ जुलै

प्रिय खारूताई,

जाऊन आलो. दोघंही जिवंत आहोत.

दाराशी आधी सलूनवाला परत फिरला. मी त्याच्या शर्टाची कॉलर धरून त्याला आत आणलं. त्यामुळे मलाही आत यावं लागलं, कारण कॉलर माझ्या हातात होती. आत एक मोठा मासा असलेली काचेची पेटी आहे. मासा सारखा तोंड उघडतो आणि मिटतो. म्हणजे प्रॅक्टिस चाललेली.

पहिला नंबर त्याचा लागला. डॉक्टरीणबाई त्याच्या तोंडात बघून म्हणाल्या, "एवढे दिवस कशासाठी थांबलात?" त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी माशाकडे बघितलं. दाढ काढावी लागली. मी कबूल केल्याप्रमाणे हात धरला. लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारा माणूस, पण माझी बोटं अशी दाबली की मला वाटलं आता ट्रँगलही वाजवता येणार नाही. त्याची दाढ इतक्या पटकन निघाली की त्याला कळलंही नाही. तो "झालं?" असं तीनदा विचारत होता.

मग मी. खुर्ची सरळ ठेवली होती. ते मापाचं साधन थंडगार असतं, आणि त्याची चव, खारूताई, वाद्याच्या गोंदापेक्षा बरी आहे. डॉक्टरीणबाई काम करताना गुणगुणतात. एका जागी त्यांचा सूर चुकला. मला सांगायचं होतं, पण तोंड भरलेलं. सलूनवाला शेजारी उभा होता, गालात कापूस, आणि त्याने माझा हात धरला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं.

माप तुझ्याकडे रवाना झालंय. सांभाळून, ते माझं तोंड आहे.

आजोबा

ता. क. दुसऱ्या यादीचं तू काही लिहिलं नाहीस. मी विचारत नाही. मी फक्त पत्र संपवतोय.


९ ऑगस्ट

प्रिय आजोबा,

दुसऱ्या यादीतही नाव नव्हतं. वेटिंग बरंच पुढे सरकलं, माझ्या चार नावं अलीकडे थांबलं. आता शेवटची फेरी राहिलीय. पण या वेळी खोटं बोलले नाही आणि पत्रही चार पानी होणार नाही. खरं सांगू का, यादी परत लांबली, आणि लागली त्याच दिवशी तुमचं माप आलं होतं, आणि मी दुपारपर्यंत यादी बघायलाच विसरले. आईला हे पटत नाहीये.

प्लास्टर मी कालवलं. आत एक बुडबुडा राहू दिला नाही. साचा सुटा केला आणि हातात घेऊन बसले. तुमची टाळू, तिच्यावरच्या रेघा. बाईंनी साचा उलटसुलट बघितला आणि वरच्या हिरडीवर पुढे एक खळगा दाखवला. म्हणाल्या, "इथे वर्षानुवर्षं काहीतरी टेकलेलं आहे." मी म्हटलं, क्लॅरिनेट. त्या म्हणाल्या, "मग पुढचे दात नीट विचार करून बसवू. यांना नुसतं खायचं नाहीये."

पुढच्या दातांवरून आमचं भांडण झालं. त्या सरळ बसवत होत्या. मी घरून तुमचा आणि आजीचा लग्नानंतरचा फोटो नेला, त्यात तुमच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. तशीच माझ्या आहे, म्हणून तर तुम्ही मला खार म्हणायला लागलात. आधीच्या कवळीत ती फट कोणी ठेवली नव्हती. बाई म्हणाल्या, "फट म्हणजे दोष असतो." मी दाताच्या कण्या केल्या. शेवटी त्यांनी मेण गरम केलं, चिमटा माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसल्या. दोन दात मी बसवलेत, आजोबा. फट आहे तिथेच आहे.

प्रवेश मिळाला नाही तर बाई मला वर्षभर ठेवून घेणार आहेत. पुढच्या वर्षी परत परीक्षा देईन. आधी याची भीती वाटायची. आता नाही वाटत. म्हणजे वाटते, पण रात्री झोप लागते.

कवळी आली की पहिलं काम, मला फोन करा.

खारू


२७ ऑगस्ट

प्रिय खारूताई,

मागच्या आठवड्यात फोनवर तू सांगितलंस की शेवटच्या फेरीत तुझं नाव लागलं, आणि मी "हं" म्हणालो.

तोंडात कोरे करकरीत दात. त्या दिवशी सकाळपासून शेजारणीशी, सलूनवाल्याशी, रस्त्यातल्या अनोळखी माणसाशीसुद्धा बोलून बोलून त्यांना पिडलं. तुझ्याशी काय काय बोलायचं ते मनात लावून ठेवलं होतं. आणि तू सांगितलंस तेव्हा घशातून दुसरं काही निघेचना. तू विचारलंस, "आजोबा, कवळी बसली नाही का नीट?" मी परत "हं" म्हणालो. म्हणून हे पत्र. दात आले तरी काही गोष्टी मला कागदावरच जमतात असं दिसतंय.

कवळी उत्तम बसलीय. पहिल्या दिवशी वाटलं, तोंडात कोणाचं तरी सामान ठेवलंय. तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याचा डबा उघडला. ते मऊ पडले होते, तरी सगळे खाल्ले. आरशासमोर उभा राहून हसलो, तर समोर तुझ्या आजीच्या लग्नातला नवरा उभा. फट बघून शेजारण म्हणाली, "काका, डॉक्टरांनी एक दात कमी बसवला का?" मी म्हटलं, ती जागा माझ्या नातीने राखून ठेवलीय.

रविवारी बागेत गेलो. क्लॅरिनेट पहिल्यांदा अशी चिरकली की बाकावरचं एक बाळ जागं होऊन रडायला लागलं. पोस्टमास्तराला आनंद झाला. दुसऱ्या धुनेला मात्र सूर लागला आणि त्याने स्वतःहून सॅक्सोफोन खाली ठेवला. माणूस तसा वाईट नाही, फक्त कान वाईट आहेत. ट्रँगल आता सलूनवाला वाजवतो. चारच्या जागी सहा वेळा वाजवतो. त्याला कोणी काही बोलत नाही, कारण आम्हा सगळ्यांचे केस तोच कापतो.

आता मुद्द्याचं. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, ही कवळी किती टिकेल? त्या म्हणाल्या, पाच वर्षं. पुढे हिरड्या झिजतात, नवी करावी लागते. मी घरी येऊन पलंगाखालची पाटी काढली. धूळ बसली होती, पुसली. निळी अक्षरं चांगली दिसतात.

तू शीक. घाई करू नकोस, आणि माझ्यासाठी म्हणून तर अजिबात नको. मी आता कोणाच्याही मानेवर बसून थांबणार नाही, बागेत क्लॅरिनेट वाजवत थांबेन. पण पाच वर्षांनी दवाखान्याचं दार उघडशील तेव्हा वेटिंगवर पहिलं नाव माझं लिही. येताना मी भीतीही घेऊन येणार आहे, तेव्हा एका हाताने काम करायची सवय आत्तापासून कर. दुसरा मला धरायला लागेल.

तुझा
आजोबा